बाबा, बॉयलर आणि बेसमेंटचं दार

ऑक्टोबरमध्ये एक सकाळ अशी येते की अंगावरचं पांघरूण काढवत नाही. खिडकीच्या काचेला आतून ओल आलेली असते, मागच्या डेकवर मेपलची भिजकी पानं चिकटलेली असतात. मी चहाचं आधण ठेवते आणि तेवढ्यात भिंतीच्या आतून टिक, टिक असा आवाज सुरू होतो. बॉयलरमधून निघालेलं गरम पाणी त्या वर्षात पहिल्यांदा पाइपांत शिरलेलं असतं आणि सहा महिने गार पडलेले पाइप ताणले जात असतात. एडिसन गावातल्या या जुन्या घरात आम्ही चौदा वर्षं राहतोय. पूर्वी तो आवाज ऐकला की मला बरं वाटायचं. स्वेटर काढायला हवेत, एवढाच काय तो विचार मनात यायचा.

आता तो आवाज आला की माझे हात थांबतात. टिकटिक स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत गेली, जिन्याच्या भिंतीतून वर चढली, बाबांच्या खोलीपर्यंत पोचली, असं मी कानांनी तिच्या मागे जाते. वरच्या रेडिएटरमधून एक बारीक खळखळ ऐकू आली की मग चहात साखर घालते. ही सवय मला गेल्या हिवाळ्याने लावली.

बाबा म्हणजे माझे वडील. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ते एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट होते. ‘गळीत हंगाम’ हा कागदावरचा शब्द. कॉलनीत सगळे ‘सीझन’ म्हणायचे. आमच्या घरात वर्षाचे दोनच भाग होते, सीझन आणि ऑफ सीझन. सीझन लागला की हवेत उकळत्या रसाचा गोड, जरा जळका वास भरायचा. तो केसांना लागायचा, दप्तराला लागायचा, भाकरीलासुद्धा लागायचा. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीतली काळी कुसळं येऊन बसायची आणि आई ती फुंकरीने उडवायची, कारण हाताने पुसली तर डाग पडायचा. बॉयलरचं अग्निप्रदीपन असायचं तेव्हा चेअरमन सपत्नीक पूजेला बसायचे, नारळ फुटायचा, फोटो निघायचे. बाबा कडेला इस्त्रीचा शर्ट घालून उभे असायचे. पाहुणे चहाला गेले की ते शर्ट काढून खुंटीला लावत, आणि मग खरं काम सुरू व्हायचं. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत केस उगवत नसत. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच बाबांचा उजवा हात असा असतो.

आई गेल्यावर ते देश सोडून इथे आमच्याकडे आले. तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. पहिली दोन वर्षं ते इथे ठीक रमले. सकाळी मॉलमध्ये चालायला जात, ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला माझ्याबरोबर येत, मेथीची जुडी नाकाशी धरून ‘ही आजची नाही’ म्हणत परत ठेवत. मग हळूहळू काही गोष्टी दिसू लागल्या. एका सकाळी त्यांनी दाढी केली, नाश्ता केला, आणि पुन्हा जाऊन दाढी केली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती कमी होत चाललीय, ही सुरुवात आहे. बाबांनी डॉक्टरांचे आभार मानले आणि गाडीत बसल्यावर मला विचारलं की आपण कुणाच्या तपासणीसाठी आलो होतो. त्यांनी हे खरंच विचारलं की थट्टा केली, ते मला आजही सांगता येणार नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. आठ दिवस हॉस्पिटल झालं. घरी सोडताना नर्सने मला बजावून सांगितलं होतं की काही झालं तरी त्यांना गारठ्यात ठेवायचं नाही. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, इतकी की गाडीचं दार उघडताना रबर चरचरायचं. नेमका त्याच आठवड्यात माझा नवरा मिलिंद ऑफिसच्या कामासाठी हर्नडनला गेला होता. घरात मी आणि बाबा, दोघंच.

मंगळवारी सकाळी मी बाबांना उठवायला वर गेले तर माझ्या तोंडातून वाफ निघाली. रेडिएटरला हात लावला, तो लोखंडाच्या कुलपासारखा गार. बाबा दोन पांघरुणांखाली पाय पोटाशी घेऊन पडले होते आणि खोकत होते. खालच्या मजल्यावर थोडी धग होती. मी त्यांना खाली आणून सोफ्यावर बसवलं, घरातला एकुलता एक छोटा हीटर त्यांच्या पायाशी लावला आणि फोन करायला सुरुवात केली. सहा ठिकाणी केले. गावातल्या निम्म्या घरांचं हीटिंग त्या थंडीत बिघडलेलं असावं. प्रत्येकाने गुरुवारनंतर येतो म्हणून सांगितलं. एकीने विचारलं की घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल आहे का. मी हो म्हटलं. तिने नाव यादीत वर घेतलं आणि बुधवारी संध्याकाळी बघते म्हणाली.

मी बेसमेंटमध्ये उतरले. बॉयलरचं मला एवढंच ठाऊक होतं की तो तिथे आहे. वर्षातून एकदा माणूस येऊन बघून जायचा, त्याच्या चिठ्ठीवर मिलिंद सही करायचा. बॉयलर बंद पडला असेल असं मी धरून चालले होते, पण आत निळ्या ज्वाळा व्यवस्थित पेटलेल्या दिसल्या. जरा हायसं वाटलं. तेवढ्यात त्या विझल्या. थोड्या वेळाने पुन्हा पेटल्या, दोन-तीन मिनिटांत पुन्हा विझल्या. बॉयलरजवळच्या पाइपला बोट लावलं तर चटका बसला. चार पावलांवर तोच पाइप नुसता कोमट होता. मी तिथेच उभी राहून मिलिंदला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत म्हणाला की काही हात लावू नकोस, व्हिडिओ काढून पाठव.

मी व्हिडिओ काढत असताना जिन्यावर पावलं वाजली. बाबा येत होते. अंगावर स्वेटर, त्यावर मिलिंदचं जॅकेट, डोक्याला मफलर, एक हात कठड्यावर. मी त्यांना वर जायला सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि खाली येऊन बॉयलरसमोर उभे राहिले. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच तिथे उतरले होते. त्यांनी आधी कशालाही हात लावला नाही. मान थोडी कलती करून ऐकत राहिले. मग उलटा पंजा एकेका पाइपजवळ नेला, टेकवला, काढला. पंपाच्या मोटरवर दोन बोटं ठेवली. चष्मा कपाळावर चढवून गेजच्या काट्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

‘‘आग आहे, पाणी आहे, पंप चालू आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण पाणी फिरत नाही. प्रेशर पडलंय. वर पाणीच चढेना, वर हवा बसलीय.’’

त्या आवाजात मी त्यांना कित्येक महिन्यांत बोलताना ऐकलं नव्हतं. घरातल्या घरात वाट विचारणारा तो आवाज नव्हता. ते पाणी आत येणाऱ्या नळीच्या मागे गेले आणि मला एक पिवळी कळ दाखवली. ती आडवी होती, म्हणजे बंद. मला एकदम आठवलं की उन्हाळ्यात स्वयंपाकघरातला नळ बदलायला प्लंबर आला होता, त्याने खाली जाऊन काहीतरी बंद केलं होतं. तेव्हापासून बॉयलरला नवं पाणी मिळालंच नव्हतं. जे होतं ते थेंबाथेंबाने कमी होत गेलं होतं.

मी ती कळ लगेच फिरवायला गेले. बाबांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

‘‘तापलेल्या बॉयलरात गार पाणी सोडायचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आधी आग बंद. तीन तास गप बसायचं.’’

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी लहानपणी कधीच ऐकली नव्हती. त्यांच्या पाळीतल्या एकाने घाईत असंच पाणी सोडलं होतं. बॉयलर वाचला, तो माणूसही वाचला, पण त्याचा चेहरा वाचला नाही. बाबांचा उजवा हात त्याला ओढून काढताना भाजला होता. आईने आम्हाला सांगितलं होतं की तो हात चहाच्या पातेल्याने भाजला.

आम्ही वर आलो. बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर एक लाल बटण आहे, बॉयलर तातडीने बंद करायचं. त्याच्या शेजारीच दिव्याचं बटण. मी लाल बटण बंद केलं आणि दार लोटून घेतलं. सकाळचे अकरा वाजले होते.

ते तीन तास मला फार लांब वाटले. घर हळूहळू गार होत गेलं. आधी फरशी, मग खुर्च्यांचे हात, मग भांडी. ताटलीत वाढलेला भात दोन घास खाईपर्यंत निवला. मी बाबांना शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. ते खोकले की मी मोजायचे, दोन खोकल्यांमध्ये किती वेळ गेला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात काडीचीही ऊब नव्हती. दुपारी दोन वाजता माझी ऑफिसची मीटिंग होती. एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं माझं काम, आणि त्या दिवशी ती मीटिंग मीच घ्यायची होती. ती मी कॅन्सल करायला हवी होती. मी बाबांसमोर बसून सांगितलं की अर्ध्या तासात येते, मग आपण दोघं मिळून खाली जाऊ, तोवर तुम्ही जागचं हलायचं नाही. ते हो म्हणाले. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा हो म्हणाले, जरा वैतागून.

मीटिंग लांबली. कानात हेडफोन होते, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. पण पायांना जाणवलं. जमिनीतून बारीक थरथर येत होती. मी हेडफोन काढले. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होता, आणि त्याच्या खालून कुठूनतरी पावसाळ्यात पन्हाळ वाहते तसा आवाज येत होता.

स्वयंपाकघरात बाबा चहा करत होते. चार कप मांडले होते. मला पाहून ते हसले आणि म्हणाले की ये, आलं घातलंय. बेसमेंटचं दार उघडं होतं. जिन्याच्या तोंडाशी दिवा बंद होता आणि लाल बटण चालू होतं.

मी अंधारात खाली धावले. बॉयलर घोंघावत होता. त्याच्या अंगाला असलेल्या नळीतून पाणी जोराने जमिनीवर पडत होतं, त्यातून वाफ निघत होती आणि ती वाफ आगीच्या उजेडात निळसर दिसत होती. गेजचा काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला होता. माझ्या चपला भिजल्या, पाणी गरम होतं. काय झालं ते मला नंतर जुळवता आलं. बाबांनी पिवळी कळ उघडली होती, पाणी वेगाने आत घेण्याची छोटी पितळी दांडी वर उचलली होती, काटा चढेपर्यंत थांबायचं म्हणून बहुधा चष्मा आणायला वर आले होते. वर आल्यावर दिवा बंद केला आणि त्याच हाताने शेजारचं लाल बटणही दाबलं गेलं. आणि मग समोर चहाचं भांडं दिसलं. पण त्या क्षणी मला हे काहीही माहीत नव्हतं. कुठली कळ बंद करायची, कुठली उघडायची, कशाला हात लावला तर ते फुटेल, काही कळत नव्हतं. मी वर ओरडले, बाबा, काय बंद करू.

ते जिन्याच्या तोंडाशी आले. मागून प्रकाश येत होता, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

‘‘कोण आहे खाली?’’ त्यांनी विचारलं.

मी जिना चढून वर गेले, त्यांच्या बाजूने हात घालून लाल बटण बंद केलं, दिवा लावला. पुन्हा खाली धावले आणि रस्त्याकडच्या भिंतीजवळची घराच्या मुख्य पाण्याची चावी फिरवली. ती घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी, भिंतीला गुडघा लावून फिरवली. पाण्याची धार बारीक झाली, मग तुटक झाली, मग थेंब पडू लागले. मी त्या ओल्या जमिनीवरच बसले.

थोड्या वेळाने बाबा खाली आले. त्यांनी जमीन पाहिली, मला पाहिलं, वर उचललेली दांडी पाहिली. त्यांनी विचारलं, ही कुणी उघडली. मी म्हटलं, ते जाऊ द्या. ते शेवटच्या पायरीवर बसले आणि मग, जणू मधला तास झालाच नव्हता, मला एकेक गोष्ट सांगू लागले. दांडी खाली कर. तळाच्या नळाला रबरी पाइप लाव, प्रेशर उतरव, काटा पंधरावर आण. आता मेन हळू उघड. आता वर जा, प्रत्येक रेडिएटरच्या कडेला चौकोनी तोंडाची पिन असेल, ती पाव फेरा फिरव. आधी खालचे, मग वरचे. मी त्यांचं सगळं ऐकलं. ज्या माणसाने तासाभरापूर्वी माझा जीव टांगणीला लावला होता, त्याच्याशिवाय मला विचारायला दुसरं कुणी नव्हतं. वरच्या खोलीतली हवा फुस्स करत निघाली, मग पेल्यात काळं पाणी थुंकल्यासारखं पडलं, आणि मग नितळ धार लागली. पाच वाजता बाबांच्या खोलीतला रेडिएटर तापला. त्यांनी दोन्ही पंजे त्यावर ठेवले आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मुलीला, ईशाला, फोन केला. ती इथेच वाढली, मॉरिसव्हिलला राहते आणि आजारपणातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसांना रोजचे व्यवहार पुन्हा शिकवण्याचं काम करते. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘मॉम, यू हॅव टू लॉक दॅट डोअर.’’ आजोबांना सांगायचं कसं, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की जस्ट टेल हिम. तिला ते सोपं वाटत होतं.

शनिवारी, बाबा आंघोळीला गेले असताना, मिलिंदने दाराच्या वरच्या बाजूला, चटकन नजर जाणार नाही असं छोटं कुलूप बसवलं. संध्याकाळी बाबांनी दार ओढून पाहिलं. ते उघडेना. मी पोळ्या लाटत होते. पाठ न वळवता मी म्हटलं, ‘‘बाबा, लाकूड फुगलंय थंडीने. अडकतंय ते दार.’’

‘‘असं का,’’ ते म्हणाले, आणि जाऊन बसले.

त्यानंतर त्यांनी बॉयलरचं नाव काढलं नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग ते वाटेनासं झालं. ते दिवसातला बराच वेळ पुढच्या खोलीतल्या रेडिएटरपाशी खुर्ची ओढून बसत. मी आले की खिडकीबाहेर बघत. जेवताना मीठ मागत नसत, कमी असलं तरी तसंच खात. ओक ट्री रोडला चला म्हटलं तर तू जाऊन ये म्हणत. मी स्वतःला समजावत होते की हे आजारपणामुळे आहे, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तेवढं समजावून भागत नव्हतं, कारण दाराजवळून जाताना ते थोडं अंतर राखून जात. मला ते दिसत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी घर पुन्हा गार पडलं, या वेळी खाली-वर दोन्हीकडे. मिलिंद घरी होता. त्याने फोन केला आणि दुपारपर्यंत वॉल्टर नावाचा एक मेकॅनिक आला, साठीचा, गुडघ्याने किंचित लंगडणारा. त्याने बूट पुसले आणि बेसमेंट कुठे म्हणून विचारलं. बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. मिलिंदने खिशातून किल्ली काढली, हात वर करून कुलूप उघडलं आणि दार ढकललं. ते जराही न अडता, आवाज न करता उघडलं.

बाबांनी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

वॉल्टर दहा मिनिटांनी वर येऊन म्हणाला की पंप गेला, बदलावा लागेल. बाबांना इंग्रजी समजतं, पटकन बोलता येत नाही. ते मराठीत म्हणाले की पंप गेलेला नाही, मला इथे बसून मोटर ऐकू येतेय, पुन्हा हवा बसली असणार. मी ते वॉल्टरला सांगितलं, आणि बाबा कोण आहेत तेही सांगितलं. मला वाटलं तो मान हलवून पुढे जाईल. पण त्याने बाबांना विचारलं की खाली येऊन बघणार का. मी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंद काही बोलायच्या आत वॉल्टरने हात पुढे केला होता आणि बाबांनी तो धरला होता. एक लंगडा आणि एक म्हातारा असे ते दोघं एकमेकांना सांभाळत जिना उतरले. मी मागोमाग गेले.

वॉल्टरने चार बोल्ट काढले, मोटर बाजूला ओढली आणि मधला एक भाग काढून बाबांच्या तळहातावर ठेवला. मोटर आणि पंप यांना जोडणारा तो स्प्रिंगचा तुकडा होता, आणि तो मधोमध तुटला होता. मोटर खरंच फिरत होती. बाबांनी ऐकलं ते बरोबर होतं. पण तिचं फिरणं पुढे पोचत नव्हतं.

बाबांनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. बराच वेळ पाहिला. ‘‘माझं चुकलं,’’ ते म्हणाले. मला म्हणाले की त्याला सांग. मी सांगितलं. वॉल्टर म्हणाला की हे कुणालाही फसवतं, त्यालाही आधी मोटरच ऐकू आली होती. मग पंप बसेपर्यंत बाबा तिथेच उलट्या बादलीवर बसून राहिले आणि वॉल्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी त्यांच्याकडे एकदा बघत राहिला.

तो गेल्यावर मिलिंद किल्ली टेबलावर ठेवून वर कामाला बसला. मी आणि बाबा स्वयंपाकघरात होतो. दार अजून उघडंच होतं. पाइपांत टिकटिक सुरू झाली.

‘‘शुभा,’’ बाबा म्हणाले, ‘‘थंडीत लाकूड आकसतं. फुगत नाही.’’

मी उघड्या दाराकडे पाहिलं.

‘‘मला पहिल्या दिवशीच कळलं. वरचे स्क्रू नवे होते.’’ ते थांबले. ‘‘पण का लावलं ते कळेना. रोज आठवायला बसतो. काय केलं मी?’’

म्हणजे महिनाभर ते रेडिएटरपाशी बसून हेच करत होते. आपण काहीतरी केलंय, लेकीने त्याची शिक्षा म्हणून दार बंद केलंय, आणि काय केलं ते आठवत नाही. विचारावं तर ती खोटं बोलते.

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पिवळी कळ, पितळी दांडी, लाल बटण, चार कप चहा. पाण्याचा आवाज. ‘कोण आहे खाली’ हेही सांगितलं, जे मी मिलिंदलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते ऐकत असताना त्यांचा उजवा हात टेबलावर होता.

‘‘घाबरलीस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो. फार.’’

मग त्यांनी त्यांच्या पाळीतल्या एका जुन्या माणसाबद्दल सांगितलं. त्याची नजर गेली होती, काटा दिसत नव्हता आणि तो अंदाजाने सांगायचा. बाबांनीच त्याला गेजवरून उतरवून बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या, पट्ट्यावर पाठवलं होतं. तो दोन वर्षं बाबांशी बोलला नव्हता.

‘‘त्याला काय कारण सांगितलं होतं?’’ मी विचारलं.

‘‘खरं ते,’’ बाबा म्हणाले. ‘‘दुसरं काय सांगणार? माणूस होता तो.’’

मग त्यांनी टेबलावरून किल्ली उचलली, ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘‘कुलूप लाव. मला सांगून लाव.’’

मी उठले. दार लोटलं. ‘बाबा, कुलूप लावते,’ मी म्हटलं. ते लाव म्हणाले. मी लावलं.

वसंत आला, उन्हाळा गेला. त्यांचं विसरणं वाढलंय. मिलिंदला ते कधीकधी माझ्या भावाच्या नावाने हाक मारतात, आणि मिलिंद ओ देतो. पण मीठ कमी असलं की आता पुन्हा सांगतात. मी अजूनही काही वेळा त्यांच्याशी खोटं बोलायच्या बेतात येते. औषध, डॉक्टर, गाडीची किल्ली, कितीतरी सोप्या थापा तोंडाशी तयार असतात. कधी मी थांबते, कधी नाही थांबत.

या रविवारी नव्या मोसमासाठी बॉयलर सुरू करायचा होता. मी बाबांना म्हटलं, चला. कुलूप उघडलं, त्यांना धरून खाली नेलं, खुर्चीवर बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली. त्यांनी सांगायचं, मी करायचं, असं ठरलं होतं. पितळी दांडीचं नाव त्यांना आठवलं नाही, नुसतं बोट दाखवलं. मी पाणी घेतलं. काटा पंधरावर आला तशी दांडी खाली केली.

‘‘पाणी बंद केलंस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘केलं, बाबा.’’

मी आग पेटवली. पंप सुरू झाला. वर जाऊन एकेका रेडिएटरची हवा काढली आणि परत खाली आले. ते मान कलती करून ऐकत होते.

‘‘पाणी बंद केलंस?’’

‘‘केलं.’’

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. पाइप आधी आमच्या डोक्यावर वाजू लागले, मग जेवणाच्या खोलीखाली, मग लांब. काटा स्थिर होता. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘शुभा, पाणी बंद केलंस ना?’’

हो, केलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग उठले, बॉयलरच्या मागे गेले, दांडीवर हात ठेवून ती खाली आहे हे पाहिलं, आणि परत येऊन त्यांना सांगितलं.